रॅम्प झाला, पुढे काय?
'रॅम्प आणि लिफ्ट असली की रुग्णालय सर्वांसाठी सुगम', हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं. ओपीडीत नाव पुकारतात, सिस्टरच्या तोंडावर मास्क, म्हणजे ओठांवरूनही काही कळत नाही. नंबर निघून जातो आणि वर 'कुठे होतात इतका वेळ?' हे ऐकावं लागतं! नंबर पडद्यावर दिसला तरी निम्मा त्रास वाचेल. काउंटरवर इंडक्शन लूप (माइकमधला आवाज चुंबकीय संकेतातून पाठवणारी तारेची वेटोळी) असेल तर टेलिकॉइलवाल्या, म्हणजे तो संकेत पकडणारी छोटी कॉइल असलेल्या, श्रवणयंत्रात बोलणाऱ्याचा आवाज थेट पोहोचतो, आजूबाजूचा गोंगाट मागे पडतो.

आणि रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) तीव्र असेल तर व्हीलचेअर स्वतः चालवत चढणं फार अवघड जातं. भेटायला येणाऱ्यांतही अपंग माणसं असतात, त्यांचा तर लेखात उल्लेखच नाही. वॉर्डात दोन खाटांमधून व्हीलचेअर जाईल एवढी जागा कोणी ठेवतं का?