बेनिडॉर्मला जाऊन निवांत बसण्याचा धोका कसा टाळावा

भूमध्य समुद्राच्या काठी सुट्टी घालवायचं ठरवलंत, उत्तम केलंत. त्यातही स्पेनमधलं बेनिडॉर्म निवडलंत हे फारच धाडसाचं. या गावात एक मोठा धोका आहे, आणि तो खिसेकापूंचा नव्हे. तिथे गेलेल्या माणसाला नुसतं बसून राहावंसं वाटतं.

समुद्राकडे बघत बसणं हे काम मुरुडला, गुहागरला, फार तर तारकर्लीला उरकता येतं. त्याला व्हिसा लागत नाही. माणशी लाखांच्या घरात पैसे मोजून युरोपात गेलात आणि बसून आलात, तर सोसायटीच्या गणपतीत चारचौघांना सांगणार काय? तेव्हा पुढचं नीट वाचा आणि जमल्यास ग्रुपवरही टाका.

आधी शत्रूची माहिती करून घेऊ. बेनिडॉर्म हे मुळात कोळ्यांचं गाव. ट्यूना पकडायची भलीमोठी जाळी लावण्यात तिथले लोक वाकबगार. १९५०च्या दशकात पेद्रो सारागोसा नावाचा एक तरुण नगराध्यक्ष झाला आणि १९५६ मध्ये त्याने गावाचा विकास आराखडा करून घेतला. विकास आराखडा म्हणजे कुठलं आरक्षण कधी उठवायचं याचं वेळापत्रक, ही साधी गोष्ट त्या गृहस्थाला कुणी सांगितलेली दिसत नाही. त्याने तो चक्क सुट्टीवर येणाऱ्या माणसासाठी केला. रुंद रस्ते, इमारतींभोवती मोकळी जागा. पुढे उंचीची मर्यादाही उठवली: हवं तेवढं वर जा, पण खाली जागा सोडा. त्यामुळे आज तिथे मनोऱ्यांचं जंगल उभं आहे. युरोपातले अभिरुचिसंपन्न लोक त्याला नाकं मुरडतात, आणि त्याच मनोऱ्यांतल्या गॅलऱ्यांतून सामान्य माणसाला ऊन आणि समुद्र दोन्ही मिळतं.

याच सारागोसाने किनाऱ्यावर बिकिनीला परवानगी दिली. काळ फ्रँकोच्या हुकूमशाहीचा. चर्चकडून धर्मबहिष्काराची धमकी आली, तेव्हा तो व्हेस्पा स्कूटर काढून चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या माद्रिदला गेला आणि थेट फ्रँकोला भेटून आला, असं तो स्वतःच सांगत असे. आणि हा खटाटोप कशासाठी, तर इंग्लंडातल्या कारखान्यातला कामगार आणि माद्रिदच्या कचेरीतला कारकून यांना वर्षातून पंधरा दिवस काहीही न करता उन्हात पडता यावं म्हणून. अशा गावात तुम्ही बेसावध गेलात, तर तुमचंही तेच होणार.

पहिली तटबंदी व्हिसाच्या अर्जातच उभारा. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाला, मोठ्या माणसाचे ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, हॉटेल आणि विमानाचं बुकिंग, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा न हसणारा फोटो आणि प्रवासाचा कार्यक्रम लागतो. बाकीच्या कागदांना लोक वैतागतात. तुम्ही कार्यक्रमावर जीव ओता. ‘दिवस तिसरा: समुद्रकिनारा’ असं मोघम लिहू नका. ‘९.४० ते १०.१५ समुद्रकिनारा (फोटोसह)’ असं लिहा. एक्सेलमध्ये प्रेक्षणीय स्थळं पिवळी, जेवणं हिरवी आणि स्वच्छतागृहं निळी करा. वकिलातीत ते कोणी इतक्या बारकाईने वाचतं का, हा प्रश्न गौण आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हाच तो तक्ता घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे सुट्टीची आशा सोडायला त्यांना पुरेसा अवधी मिळेल.

कधी जायचं हे मुलांच्या शाळेने ठरवलेलंच असतं. मे महिना. मे महिन्यात तिथला समुद्र साधारण अठरा-एकोणीस अंशांचा असतो. मुंबईच्या समुद्राची सवय असलेला माणूस त्यात घोट्यापर्यंत उतरतो, कुलदेवतेचं नाव घेतो आणि बाहेर येतो. याहून सोयीचं काय असणार? पाण्यात एक मिनिटही वाया जात नाही. ऑगस्टचा मोह मात्र टाळा. तेव्हा पाणी छान कोमट असतं, अख्खा स्पेन रजेवर असतो, आणि दोन किलोमीटर लांबीच्या लेवांते किनाऱ्यावर टॉवेल अंथरायला जागा सापडली की माणूस ती सोडायला तयारच होत नाही. बसण्याची लागण अशीच होते.

हॉटेल उंच निवडा. १८६ मीटरचं ग्रान हॉटेल बाली २००२ मध्ये सुरू झालं तेव्हा स्पेनमधली सर्वांत उंच इमारत होती. हा आकडा पाठ करून ठेवा, बुफेच्या रांगेत ऐकवता येतो. त्याच गावात इन्टेम्पो नावाचे सत्तेचाळीस मजली जुळे मनोरे आहेत. २००८च्या मंदीने त्यांचं काम रखडवलं, आणि २०१३ मध्ये ‘लिफ्ट बसवायलाच विसरले’ अशी बातमी जगभर फिरली. बातमी खोटी होती, लिफ्ट आहेत. पण म्हणून ती पुढे पाठवायचं थांबू नका. आपण काही लिफ्ट तपासायला जात नाही.

खोलीला गॅलरी असते आणि गॅलरीत दोन खुर्च्या. सामान ठेवल्याबरोबर त्या खुर्च्यांवर ओले टॉवेल वाळत घाला. ही सूचना विनोदाने घेऊ नका, अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. मग न्हाणीघरात बादली-मग नाही याची खाली जाऊन रीतसर तक्रार करा आणि परत येऊन शॉवर वाहता ठेवून गिझरची चर्चा करा. १९७८च्या दुष्काळात याच गावात पाणी संपलं होतं आणि जहाजं भरून आणावं लागलं होतं, हे कुणाला सांगू नका. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं तेव्हा आपण टीव्हीवर पाहिलंच होतं. सुट्टीत तो विषय कशाला?

जेवणाकडे येऊ. सहल बिघडायची असेल तर इथेच बिघडते, म्हणून सगळा अभ्यास इथे लावा. मेतकूट, भडंग, शेंगदाण्याची चटणी बॅगेत भरा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि साजूक तूप घरी राहील. त्याबद्दल विमानभर हळहळा. स्पॅनिश माणूस दुपारी दोन-अडीचला जेवतो आणि रात्री नऊच्या पुढे. तुमचा गट संध्याकाळी साडेसातला ‘जेवून घेऊ, म्हणजे मोकळे’ म्हणत जुन्या गावातल्या दारोदार फिरेल, आणि स्वयंपाकघरं बंद असतील. हा वेळ एकमेकांवर चिडण्यासाठी राखून ठेवा. कुणीतरी ‘तोवर इथेच चौकात काहीतरी पीत बसू या’ असं सुचवेलच. अशा माणसावर लक्ष असू द्या.

शाकाहारींनी ‘सिन कार्ने’ म्हणजे बिनमांसाचं, हे दोन शब्द घोकून जावं. वेटर मान डोलावतो आणि ट्यूना घातलेलं सॅलड आणून ठेवतो, कारण मासा त्याच्या हिशेबी मांसात मोडत नाही. आपले बंगाली मित्र काय वेगळं सांगतात? तुम्ही मात्र मॅनेजरला बोलवा. पाएया, म्हणजे तिकडचा भाताचा पदार्थ, मागवण्याआधी चौकशी करा. अस्सल वालेन्सियन पाएयात सशाचं मांस असतं, आणि ससा म्हटल्यावर आपली मुलं जेवणाच्या टेबलावर रडतात. टमाटा चोळलेला भाजका पाव, बटाट्याचे पातातास ब्रावास, ओर्चाता नावाचं गार गोड पेय यांवर शाकाहारी माणूस आठवडा सुखाने काढू शकतो, पण सुखाने आठवडा काढायला आपण आलेलो नाही. पहिल्याच संध्याकाळी भारतीय हॉटेल शोधा. या गावात ती आहेत. तिथे पनीर बटर मसाला मागवा, ‘आपल्याकडची चव नाही’ असं जाहीर करा आणि उरलेले सगळे दिवस तिथेच जा. येताना जवळच्या खिखोना गावचा तुरोन, म्हणजे बदाम-मधाची वडी, घ्या आणि ‘लोणावळ्याची चिक्कीच की’ म्हणत वाटून टाका.

आता समुद्राचं काय? तो लागतोच, पार्श्वभूमीला. दोन किनाऱ्यांच्या मधल्या टेकाडावर भूमध्याची बाल्कनी म्हणतात तो पांढऱ्या कठड्यांचा चौथरा आहे. तिथून समोर एक छोटं बेट दिसतं आणि मागे वळलं की पुइग काम्पाना डोंगर, ज्याच्या माथ्याजवळ एक चौकोनी खाच आहे. रोल्दान नावाच्या राक्षसाची प्रेयसी सूर्यास्ताबरोबर मरणार होती. उन्हाची शेवटची तिरीप तिच्यावर थोडी जास्त रेंगाळावी म्हणून त्याने डोंगराचा तुकडाच उडवला, तो समुद्रात पडला आणि त्याचं बेट झालं, अशी तिथली कथा. इतकं गाव वसवणाऱ्यांना निदान दंतकथा तरी कामसू माणसाची सापडायला हवी होती. इथेही एक जण उन्हाची दोन मिनिटं जास्त मिळावीत म्हणून डोंगर फोडतोय! तुम्ही सेल्फीत डोंगर आणि बेट दोन्ही येतात का एवढं बघा आणि बस गाठा. रात्री समुद्रावर जायचा विचार असेल तर मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत तिथे पोहायला बंदी आहे आणि दंड होतो. नगरपालिकेने केलेलं हे एकमेव सहकार्य.

बस कुठली, तर बेनिडॉर्मच्या बाहेर जाणारी कुठलीही. ग्वादालेस्तला कड्यावरचा किल्ला आहे, अल्तेआला निळ्या घुमटाचं चर्च, बियाहोयोसाला रंगीत घरं आणि वालोर चॉकलेटचं संग्रहालय. ही तिन्ही एका दिवसात ‘कव्हर’ होतात. मग वालेन्सिया. मग कुणीतरी म्हणेल, ‘इथवर आलोच आहोत तर बार्सिलोना काय, पाचशेच किलोमीटर.’ अवश्य जा. २०२४च्या जुलैत तिथल्या आंदोलकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. ते लोक चिडलेत घरभाड्यांवर, पण आपल्याला रंगपंचमीची सवय असल्याने अडचण येऊ नये.

आई-बाबांना बरोबर नेत असाल तर जास्त सावध राहा. स्पॅनिश सरकार १९८५ पासून निवृत्तांना स्वस्तात सहली घडवतं आणि त्यातल्या असंख्य आज्या-आजोबा बिगरहंगामात बेनिडॉर्मलाच येतात. दुपारभर समुद्राकडे तोंड करून बाकावर बसतात, संध्याकाळी नाचतात. अशा बाकावर तुमच्या आईने एकदा टेकवलं की शेजारच्या आजी भाषेवाचूनच गुडघ्यांविषयी बोलायला लागतील, आई त्यांना सुपारीची डबी दाखवेल आणि तुमची अडीचची बस गेली म्हणून समजा. मोबाइलवर दहा-दहा मिनिटांचे गजर लावून द्या. बाबांचं तितकं काही नाही. त्यांना युरोचा रुपयांत हिशेब करायला बसवलं की ते कुठेही समुद्राकडे बघत नाहीत.

परतल्यावर ‘समुद्र कसा होता?’ असं कुणी विचारलंच, तर ‘बसमधून फारच सुंदर दिसतो’ म्हणा आणि लगेच पुढच्या वर्षीच्या ग्रीसचा विषय काढा. तिथे वस्तीची बेटंच दोनशेच्या वर आहेत आणि रजा मिळणार आहे आठ दिवसांची. तक्त्यात रंग कमी पडतील, ते आत्ताच बघून ठेवा.