रजईत कापूसच का: एका प्रतिक्रियेला उत्तर

थंडीसाठी रजई भरवून घेताना आतला कापूस, अस्तर आणि वरचे कापड कसे निवडावे, या माझ्या मागच्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नोकरीनिमित्त पुण्याहून ग्वाल्हेरला आलेल्या या गृहस्थांनी येथे दोन हिवाळे काढले आहेत, असे ते लिहितात. त्यांचे म्हणणे असे: “काकू, कापसाचा आग्रह हा निव्वळ जुन्या पिढीचा हट्ट आहे. ऊब जाडीने येते, आत काय भरले आहे याने काही फरक पडत नाही. फायबरची रजई हलकी असते, घरी धुता येते. दमा असलेल्यांना कापसाच्या धुळीचा त्रास होतो, याचा तुम्ही विचारच केलेला नाही. रजईला खोळ घालावी, हेसुद्धा लिहिलेले नाही.”

खोळीचा मुद्दा योग्य आहे. खोळ घालावी, सुती घालावी आणि वरचेवर धुवावी. लेख भरणीविषयी होता, त्यामुळे मी तिकडे वळले नव्हते. आता येथे नोंदवते.

ओळख नसताना आपण मला काकू म्हणालात, तेही मी आपुलकीनेच घेतले असते. पण पुढच्याच वाक्यात एका अख्ख्या पिढीचा अनुभव आपण मोडीत काढलात. माझा जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या, दगडी पट्ट्यांच्या छताच्या घरात झाला. जानेवारीत येथे पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली उतरतो, दुपारपर्यंत धुके हटत नाही, आणि तशा घरात रात्री भिंतीला हात लावला तर तो चटकन मागे घ्यावासा वाटतो. दसरा झाला की आई सगळ्या रजया उसवायची, खोळी आणि अस्तरे धुऊन वाळवायची, जुना कापूस पिंजाऱ्याकडे पाठवायची आणि स्वतः समोर बसून भराई व तगाई, म्हणजे कापूस जागेवर राहावा म्हणून घातलेले टाके, करून घ्यायची. पुढे माझ्या संसारात मीही तेच केले. फायबर म्हणजे पॉलिएस्टरची भरण, लोकर, सावरीचा कापूस, हे सगळे मी वापरून पाहिले आहे. तेव्हा मी जे लिहिते ते ऐकीव नाही, एवढे तरी आपण गृहीत धरायला हवे होते.

आता आपल्या मुख्य वाक्याकडे येते. ऊब जाडीने येते, म्हणजे तंतूंच्या मध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेने येते, हे मी त्याच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिले होते. आपण तेथपर्यंत वाचले असते तर तेच मला शिकवण्याची वेळ आली नसती. प्रश्न त्यापुढचा आहे. ती जाडी अंगाखाली-अंगावर रात्रभर आणि वर्षानुवर्षे टिकवते कोण, आणि पहाटे चार वाजता ती ऊब अंगाला लागून राहते की नाही? येथे आत काय भरले आहे याने फरक पडतो, आणि पुष्कळ पडतो.

देशी कापसाचा धागा आखूड आणि जाडाभरडा असतो. सूत कातणाऱ्या गिरणीला तो नकोसा असतो, पण रजईला हवा असतो तो नेमका हाच, कारण जाड धागा दाबला तरी पुन्हा उसळून वर येतो. लांब धाग्याचा मऊ कापूस हाताला फार छान लागतो, दुकानात त्यालाच हात आधी जातो, आणि एका हिवाळ्यात तो बसून जातो. दुकानात उभे राहून मूठभर कापूस घट्ट दाबावा आणि सोडावा. देशी कापूस हळूहळू फुलतो, तळव्याला किंचित खरखरतो, त्यात सरकीच्या टरफलाचा एखादा कण सापडतो. दाबलेला गोळा तसाच राहिला, किंवा त्यात लाल-निळ्या सुताचे तुकडे दिसले, तर तो चिंध्या पिंजून केलेला माल आहे आणि तो किलोला कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे रजई अंगावर कशी पडते. हलकेपणा हा आपण गुण म्हणून सांगितला आहे. फायबरची चादर ताठ असते, खांद्यापाशी आणि गुडघ्यांच्या मध्ये ती अधांतरी राहते; माणूस कुशीवर वळला की त्या पोकळीतून गार हवा आत येते आणि जमवलेली सगळी ऊब निघून जाते. तीन किलो कापसाची रजई खांद्यावर, पाठीवर, पावलांवर चेपून बसते. जाडी दोघींची सारखी असली तरी ही फट फूटपट्टीने मोजता येत नाही, ती झोपलेल्या माणसालाच कळते. वजनाला मी ऊब म्हणत नाही. जयपूरची पाव किलोची रजई बारीक पिंजलेल्या कापसाची आणि झिरझिरीत वॉइलची असते, ती मला मनापासून आवडते आणि दिवाळीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आमच्या घरी तीच चालते. संक्रांतीच्या सुमारास मात्र ती पुरत नाही.

तिसरी गोष्ट घामाची. झोपेतही शरीरातून वाफ निघत असते. कापूस नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओल धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा तंतू अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून फायबरच्या रजईत, त्यातही खालून पॉलिएस्टरची साटन असेल तर, मध्यरात्री मान आणि पाठ दमट होते, माणूस पांघरूण ढकलतो आणि पहाटे कुडकुडत उठतो. आपल्याला असे कधीच झाले नसेल तर आनंद आहे. कापसाने धरलेली ही ओल बाहेर जावी यासाठीच रजई गच्चीवर उन्हात टाकायची असते. उन्हाने कापूस पुन्हा फुलतो आणि जाडी परत येते. धुके पडलेल्या आठवड्यात ते जमत नाही, हे खरे आहे, आणि तेव्हा रजई जडही वाटते. पण ऊन पडले की एका दुपारीत ती पूर्ववत होते. वर्षभर वापरून सपाट झालेले सुटे फायबर पिंजून घ्यायला आमच्या पिंजाऱ्याकडे नेले, तर तो हात लावायला तयार होत नाही.

अस्तर आणि वरचे कापड याबद्दल आपण एक शब्दही लिहिला नाही, आणि खरे तर निम्मी रजई तेथेच बिघडते. आत मलमल, बाहेर घट्ट विणीचा लठ्ठा, दोन्ही शिवण्यापूर्वी पाण्यातून काढून आटवून घेतलेले; तगाईच्या दोन ओळींत चार बोटांहून जास्त अंतर नको, नाहीतर कापूस पायथ्याशी जमा होतो. वरच्या बाजूला शोभेसाठी साटन हवी असेल तर खुशाल लावावी, पण अंगाकडची बाजू सुतीच हवी. हे सगळे लेखात होते.

घरी धुण्याची सोय फायबरला आहे, हे कोणी नाकारले? लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तेथे ती सोय घ्यावी. दम्याविषयी ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे. मी रजईवर लिहिते, औषधांवर नाही.

शेवटी एक विनंती. आपण रजई ‘कॉटन मिक्स’ म्हणून घेतली आहे, असे आपण प्रतिक्रियेच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. तिच्या एका कोपऱ्याची शिवण दोन बोटे उसवा, आतला चिमूटभर तंतू काढा आणि स्टीलच्या ताटलीत, पाणी जवळ ठेवून, चिमट्याने धरून पेटवा. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राखाडी राख उरली तर तो कापूस. वितळून काळा टणक मणी झाला तर आपल्याला पॉलिएस्टर विकले गेले आहे. काय उरले ते येथे लिहा. त्यावर आपण पुढे बोलू, मात्र या वेळी आधीचा लेख पूर्ण वाचून या.