पैसे मोजून आणलेल्या खेळात कुलूप कशाला?

आज बडोद्यात अलकापुरीतल्या एका दुकानात वाढदिवसाची भेट घ्यायला गेले होते. काउंटरवर एक आजोबा, सोबत नऊ-दहा वर्षांचा नातू. नातवाच्या हातात खोक्यातला प्लॅस्टिकचा योद्धा, वीतभरसुद्धा नसेल. आजोबांनी किंमत विचारली, चष्मा लावून खोक्यावर पुन्हा वाचली आणि म्हणाले, "घरी गेम आणलाय ना परवाच? तोच खेळ की." तेवढ्यात दुकानदार मधे बोलला, "काका, आना वगर तो गेम अधूरी ज छे." म्हणजे याच्याशिवाय गेम अपुराच. नातू काहीच बोलला नाही, नुसता आजोबांकडे बघत राहिला. आजोबांनी पाकीट काढलं.

दुकानदार खोटं बोलत नव्हता, हाच तर संताप आहे. घरी आल्यापासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हिडिओ गेमसोबत खेळायच्या या फिगर, म्हणजे त्या योद्ध्यासारख्या छोट्या बाहुल्या; त्यांच्या बुडाशी एक चिप असते. टीव्हीजवळच्या चकतीवर किंवा कंट्रोलरवर फिगर टेकवली की गेम तिला ओळखतो आणि एखादं पात्र, एखादी वस्तू, एखादा भाग खुला करतो. टेकवली नाही तर तो भाग बंद. २०११ साली स्कायलँडर्स नावाचा गेम आला आणि हा धंदा जोरात सुरू झाला. मग २०१३ ला डिस्नी इन्फिनिटी, २०१४ ला निन्टेंडो कंपनीच्या अमीबो नावाच्या फिगर, २०१५ ला लेगो डायमेन्शन्स. पोरांचा हट्ट आणि आईबापांचा खिसा, दोन्हींवर सगळ्यांची बरोबर नजर.

आता आमच्या वाड्यातली गोष्ट. मागे कधीतरी इथेच लिहिली असेल, पण आज पुन्हा लिहिणार.

भाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला आला होता. भाच्याने असलाच एक गेम आणला होता, सोबत चकती आणि पिशवीभर फिगर. दांडियाबाजारातल्या आमच्या वाड्यातली सगळी पोरं माडीवर गोळा. पाळी लावून खेळत होती, आरडाओरडा चालला होता, छान वाटत होतं बघायला. मग गेममध्ये एक दार आलं. बंद. ते उघडायला जी फिगर लागते ती पिशवीत नव्हती. खालच्या बिऱ्हाडातला मुलगा उठला आणि धडाधडा जिना उतरून गेला. परत आला तो हातात वाघ घेऊन. मंगळबाजारातला प्लॅस्टिकचा वाघ, एक कान चावलेला. अंगणातल्या किल्ल्याच्या गुहेत बसवलेला होता, तिथून उपटून आणलेला, त्यामुळे चारही पायांना ओली माती. त्याने वाघ शर्टाला पुसला आणि चकतीवर ठेवला, तोंड टीव्हीकडे करून.

काही झालं नाही. त्याने वाघ जरा फिरवला. मग वरून दाबला. भाचा म्हणाला, "अरे, तो चालत नाही. तो खरा नाहीये."

भाच्याची काही चूक नव्हती. सहा वर्षांचं पोर, जे समजलं ते बोललं. पण ते त्याला कुणी शिकवलं? खाली अंगणात त्याच वाघाला बघून मावळे पळत होते. बडोद्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, दिवाळीच्या किल्ल्यावर काय काय चालतं. मातीचा मावळा चालतो, शेजारच्याची मोटार चालते, चॉकलेटमधून निघालेला डायनासोर बुरुजावर पहारा देतो. कुणी काहीही आणून ठेवा, खेळ वाढतो. आणि माडीवर एक यंत्र मुलांना सांगत होतं की तुझं खेळणं खेळणं नाही.

थांबा, मी जरा जास्तच तापलेय. एक गोष्ट मनाविरुद्ध का होईना, मान्य करते. कल्पना मुळात गोड आहे. स्कायलँडर्सची फिगर आपली कमाई स्वतःच्या चिपमध्ये जपते. मित्राच्या घरी घेऊन जा, तुमचा गडी तिथेही तितकाच तगडा. लहान मुलाच्या खिशात असं खेळणं असणं ही मोठीच गंमत आहे. भाचा रात्री फिगर उशाशी घेऊन झोपायचा, तेव्हा मलाही ते आवडलं होतं. कुणाला फिगर जमवायच्या असतील, कपाटात मांडायच्या असतील, खुशाल मांडा. माझं भांडण कुलपाशी आहे.

कारण कुलूप लावलेला माल आधीपासून तुमच्याच घरात असतो! निन्टेंडोच्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) या गेममध्ये एपोना नावाची घोडी आहे. गेमचा नायक लिंक, त्याची ठरावीक अमीबो फिगर टेकवल्याशिवाय ती मिळत नाही. आता अमीबोच्या चिपमध्ये मावतात ५४० बाइट. हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही, घोडी कुठून मावेल? घोडी गेममध्येच आहे, तुम्ही पैसे मोजून आणलेल्या. त्याच वर्षीच्या सॅमस रिटर्न्स या गेममध्ये सगळ्यात अवघड पातळी एका फिगरमागे ठेवली. २०२१ मध्ये स्कायवर्ड स्वॉर्ड हा जुना गेम नव्याने काढला, त्यात आकाश आणि जमीन यांच्यात जवळजवळ कुठूनही थेट ये-जा करायची सोय केली. केवढी कामाची सोय! ती झेल्डा या पात्राच्या फिगरला बांधून टाकली.

कुणीतरी खाली लिहीलच, की ताई, मुख्य गोष्ट फिगर न घेताही पुरी होते. होते. स्कायलँडर्सच्या पहिल्या पाकिटात तीन फिगर होत्या आणि तेवढ्यावर शेवटपर्यंत जाता यायचं. पण प्रत्येक फिगर आग, पाणी अशा एकेका तत्त्वाची. तत्त्वं आठ, पाकिटातल्या तिघांची तीन, आणि वाटेत त्या त्या तत्त्वाच्या फिगरनेच उघडणारी दारं. म्हणजे पाच तत्त्वांची दारं मुलाने नुसती बघायची आणि पुढे जायचं. दार दाखवायचंच कशाला मग? नसेल द्यायचं तर दाखवू नका. पोराला दाखवायचं, पोराने आजोबांकडे बघायचं, आणि आजोबांनी पाकीट काढायचं, यासाठीच ते दार तिथे आहे.

त्या वाघवाल्या मुलाच्या वडिलांनी कुठून आणायचं होतं हे? आपल्याकडे या फिगर बाहेरून मागवलेल्या, दुकानदार सांगेल तो भाव.

आणि कंपन्यांचं मन भरलं की त्या निघून जातात. डिस्नीने २०१६ मध्ये इन्फिनिटीचा गाशा गुंडाळला, लेगो डायमेन्शन्स २०१७ मध्ये थांबला. फिगर निघायच्या बंद झाल्या, दारं मात्र गेममध्ये तशीच बंद. २०१८ च्या स्टारलिंक नावाच्या गेममध्ये निदान खेळण्यातलं यान न घेता तेच यान गेममध्ये विकत घ्यायची सोय होती. पैसे तिथेही मोजायचेच, पण निदान बाहेरून येणाऱ्या खोक्यावर तरी काही अडत नव्हतं.

कंपनीलाही पोट आहे, मान्य. गेमची किंमत वाढवा. खोक्यावर पुढच्या बाजूला ठळक छापा, की यातलं काय काय बंद आहे आणि ते उघडायला एकूण किती लागतील. आजोबा घरूनच ठरवून निघतील.

त्या दिवाळीत तो मुलगा वाघ घेऊन खाली गेला आणि पुन्हा माडीवर खेळायला आला नाही. हाक मारली तर म्हणाला, "आत्या, मी किल्ल्यावरच आहे." भाचासुद्धा थोड्या वेळाने खाली गेला, तेव्हा मला बरं वाटलं.

भाऊ यंदाही येतोय. त्याला मघाशीच मेसेज केलाय: गेम आणणार असशील तर एका खोक्यात पुरा असेल तोच आण, आणि कंट्रोलर चार आण, वाड्यात पोरं पुष्कळ आहेत.