कार्बन फायबर हजार डिग्री सहन करतं, पण चिकटवलंय कशाने?

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर साधारण असा की बीमला, स्लॅबला मजबुतीसाठी कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवून घ्या, लोखंडापेक्षा दहापट स्ट्राँग, हजार डिग्रीलाही काही होत नाही, ऊन-थंडी-आग कशाचाच परिणाम नाही, काँक्रीटशी एकजीव होतं, स्वित्झर्लंडमधे कधीपासून वापरतात, एकदा केलं की विषय संपला. टेक्निक चांगलंय, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण यातलं तापमानाबद्दल जे जे लिहिलंय ते वाचून कुणी टेंडर काढणार असेल तर जरा थांबा.

पहिलं ते हजार डिग्री. हवा लागत नसेल तर फायबर एवढं सहन करतं हे खरंय, हवेत मात्र ते ४००-५०० च्या आसपास जळायला लागतं. पण ते सोडा, मुद्दा फायबरचा नाहीच. काँक्रीटमधला लोड पट्टीत जातो तो मधल्या एक-दोन मिलिमीटर इपॉक्सीतून, म्हणजे रेझिनच्या गोंदातून, आणि साइटवर नुसत्या हवेत क्युअर झालेल्या (घट्ट झालेल्या) इपॉक्सीचा टीजी, म्हणजे कडक रेझिन जिथे रबरासारखं व्हायला लागतं ते तापमान, साधारण ५० ते ८० डिग्रीच असतं. सळई ४०० पर्यंत बऱ्यापैकी तग धरते, काँक्रीटला ६० डिग्री कळतही नाही, आणि नेमकं तिथेच हे इपॉक्सी सुटायला लागतं, उन्हात राहिलेल्या गुळाच्या ढेपेसारखं, वरून आकार तोच पण बोट रुततं.

लॅबमधे हे डोळ्यांनी दिसतं. नेहमीच्या तापमानाला नीट चिकटलेली पट्टी ओढून काढली तर तिच्या पाठीला काँक्रीटचा पातळ थर चिकटून येतो, म्हणजे आधी काँक्रीट फाटलं, गोंद नाही. टीजीच्या पुढे तापवून ओढा, पट्टी सोलल्यासारखी निघते आणि मागे काँक्रीट जसंच्या तसं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, टीजीच्या बऱ्याच खाली असताना थोडं तापवल्यावर काही टेस्टमधे जोडाची ताकद किंचित वाढलेलीही दिसते, कारण मऊ झालेला गोंद लोड जास्त लांबीवर पसरवतो. म्हणून "उन्हाने उलट फायदाच होतो" म्हणणारेही भेटतात. पण टीजीजवळ पोचलात की ताकद धाडकन खाली येते.

"दहापट स्ट्राँग" वर जास्त वेळ घालवत नाही. ताणात ती लोखंडापेक्षा कितीतरी स्ट्राँग आहे खरी, पण बीमच्या पोटाला लावलेली पट्टी बहुतेक वेळा तुटायच्या आधी सुटते, मग ती शिल्लक ताकद काय कामाची.

मग लोक म्हणतात चंद्रपूरला सुद्धा ४७-४८ च्या पुढे फारसं जात नाही, ६० कुठून आणलं. अहो ते ४७-४८ सावलीतल्या हवेचं. उन्हात तापलेला काळा पृष्ठभाग सहज ६० च्या वर जातो. खोलीच्या आत, स्लॅबच्या खालच्या बाजूला पट्टी असेल तर फार घाबरायचं कारण नाही. पण कँटिलिव्हर बाल्कनीला (एकाच बाजूने आधार असलेल्या, पुढे आलेल्या) पट्टी वरून लावावी लागते, कारण ताण वरच्या बाजूला असतो, आणि तिच्यावर कॉन्ट्रॅक्टर काळं वॉटरप्रूफिंग मेम्ब्रेन अंथरतो, विदर्भात हे झालं तर काय होईल तुम्हीच बघा. अमेरिकन एसीआयची (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट) गाइडलाइन सांगते की वापरातलं तापमान टीजीपेक्षा १५ डिग्री कमीच ठेवा. टीजी ६० असेल तर मर्यादा ४५. चंद्रपूरच्या सावलीनेच ती ओलांडली! कोकणात वेगळीच गोची, रेझिनने पाणी शोषलं की टीजी आणखी खाली येतो.

"काँक्रीटशी एकजीव" हे तर साफ चूक. काँक्रीट एका डिग्रीला मीटरमागे साधारण १० मायक्रॉन वाढतं, कार्बन पट्टी लांबीत जवळजवळ शून्य, किंचित आखडतेसुद्धा. पाच मीटरचा बीम ३० डिग्रीने तापला तर काँक्रीटला दीड मिलिमीटर वाढायचंय आणि पट्टीला नाही, हा फरक मधला गोंदच सोसतो, सगळ्यात जास्त टोकांना, आणि हे रोज दुपार-रात्र चालू. ग्लास फायबर याबाबतीत काँक्रीटच्या बरंच जवळ आहे. कडक थंडीत रेझिन ठिसूळ होतं, पण महाराष्ट्रात तो प्रश्न जवळपास नाहीच.

स्वित्झर्लंडचा पूल खरा आहे. ल्युसर्नजवळचा इबाख पूल, १९९१, एम्पा या स्विस मटेरियल-संशोधन संस्थेच्या उर्स मायर यांचं काम, १७५ किलो स्टीलच्या जागी ६.२ किलो कार्बन पट्ट्या. भारी काम. पण पट्ट्या पुलाच्या पोटाला, सावलीत, आणि ल्युसर्नचा उन्हाळा म्हणजे आपला पुण्याचा डिसेंबर. तो दाखला अकोल्याच्या गच्चीला चालत नाही.

आगीबद्दल तर काही लपवायचंच नाही. ३००-४०० डिग्रीला इपॉक्सी जळून जातं, बाँड त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो, वरून १२ एमएम प्लास्टर मारून फारसं काही वाचत नाही. म्हणून डिझाइनचा नियमच असा की आगीत पट्टी नाहीच असं धरा आणि मूळ बीम एकट्याने रोजचा लोड पेलतो का बघा. पेलत नसेल तर कार्बन फायबर हा तुमचा उपाय नाही, किंवा मग व्हर्मिक्युलाइटसारखं (उष्णता अडवणारं हलकं खनिज) जाड फायर इन्सुलेशन आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा. कॉलमला पूर्ण गुंडाळलेलं रॅप थोडं सुरक्षित असतं कारण ते कॉलमला आवळून धरतं, पण तिथेही ओव्हरलॅप रेझिननेच चिकटलेला असतो हे विसरू नका.

टीजीचा आकडा लेखी मागा, आणि तो साइटसारखं क्युअर केलेल्या सँपलचा असू दे, ओव्हनमधे शेकलेल्याचा नको. जोड किती पक्का ते बघणाऱ्या पुल-ऑफ टेस्टला पट्टीवर धातूची गोल चकती चिकटवून ओढतात, १.४ एमपीएच्या (ताणाचं एकक) वर तुटलं आणि काँक्रीट घेऊन तुटलं की पास. पण ती टेस्ट समजा जानेवारीत सकाळी दहाला केली तर तो आकडा जानेवारीतल्या सकाळी दहाचा, मे महिन्यातल्या दुपारी तीनचा नव्हे. तेव्हा रिपोर्टमधे पृष्ठभागाचं तापमान लिहायला लावा, साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन सेकंदात मोजता येतं.