आमच्या मागच्या शेतात भराव पडतोय

मंगळवारपासून आमच्या बिल्डिंगच्या मागच्या शेतात डंपर येतायत. सकाळी डबे भरताना किचनच्या खिडकीतून पहिला दिसला, हौदा वर उचलला आणि मुरूम, तोडफोडीचं डबर, फुटक्या टाइल्स असं सगळं धाडकन बांधावर ओतलं, धूळ बसेपर्यंत बांध दिसेनासा झाला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी बदलापूर पश्चिमेला राहते, उल्हास नदीपासून चालत दहा मिनिटांवर, आणि हे शेत म्हणजे भाताची चार खाचरं, आमच्या आणि नदीच्या मधे जी काही मोकळी जमीन उरलीय त्यातली. चार दिवस डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, पण वाचा प्लीज.

आम्ही २००९ ला डोंबिवलीहून इथे आलो. कारण सरळ होतं, बजेट. तिथली वन रूम किचन विकून इथे दोन बेडरूम मिळत होत्या आणि वर मुलांच्या शाळेच्या फीला पैसे उरत होते. निसर्ग वगैरे तेव्हा मनातही नव्हतं, तो नंतर हळूहळू लागला. पहिल्या जूनमध्ये रात्री धो धो पाऊस झाला आणि अकरा-साडेअकराला मागून बॅटऱ्यांचे उजेड हलताना दिसले, मला वाटलं चोर बिर आले, ह्यांनी खाली जाऊन चौकशी केली तर गावातली माणसं वळगणीचे मासे धरायला निघाली होती. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे ओढ्याओहोळांतून उलट्या धारेने शेतात चढतात, अंडी घालायला, त्याला इकडे वळगण चढली म्हणतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आगरी आजींनी वाडगाभर आणून दिले, बोटाएवढे, पोटात गच्च अंडी, आणि कसे करायचे तेही दारात उभं राहूनच सांगितलं. तो वास त्या दिवशी जिन्यात वरपर्यंत गेला होता. मी माहेरी फोन करून सांगितलं, आई आम्ही फ्लॅटमध्ये राहतो पण मासे मागच्या शेतातून येतात.

हे सगळं अजून आहे हो. संध्याकाळी स्टेशनच्या बाहेर पडलं की ठाकर, कातकरी बायका बसलेल्या असतात, पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, भारंगी, कंटोळी. जांभळाच्या दिवसांत जांभळं. आमच्या बदलापूरच्या जांभळाला जीआय मानांकन मिळालंय, आणि ज्यांनी खाल्लंय त्यांना कागदाची गरज नाही, एवढं टप्पोरं आणि गर भरलेलं जांभूळ दुसरीकडे शोधून दाखवा. लोकलमध्ये दीड तास लटकून आलेला माणूस द्रोणभर जांभळं घेतो आणि त्याचा चेहरा बदलतो, मी रोज बघते. नागपंचमीच्या आसपास आवण, म्हणजे भाताची लावणी, संपते आणि मागे सगळं इतकं हिरवं होतं की पडदे लावायला जीव होत नाही.

आणि दुसरीकडे गाव वाढतंय, भयानक वेगाने. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखाच्या जवळ गेलं, त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही पण सकाळी सातच्या लोकलला दाराशी उभं राहून बघा, आकडा नको. आता तर शेलू, वांगणी, नेरळपर्यंत होर्डिंग लागलेत, नदीकिनारी घर, निसर्गाच्या कुशीत, बाल्कनीतून नदी. मला लोक येण्याचा राग नाही, मीही तशीच आलेय, आणि मुंबईत ज्याला परवडत नाही त्याने राहायचं कुठे. माझं म्हणणं एकच आहे की नदीला जेवढी जागा लागते तेवढी मोजा, आणि ती सोडून बांधा.

उल्हास ही साधी नदी नाही हे इथे राहणाऱ्यांनी तरी समजून घ्यायला हवं. राजमाचीच्या डोंगरात उगम, कर्जतचं सगळं खोरं घेऊन ती आपल्याकडे येते आणि पुढे वसईच्या खाडीत जाते. उन्हाळ्यातही तिला पाणी असतं त्याचं मोठं कारण भिवपुरीचं टाटांचं पॉवर हाऊस, १९२२ पासूनचं, घाटावर धरणात अडवलेलं पाणी तिथे वीज करून खाली सोडतात आणि ते उल्हासला मिळतं. तेच पाणी आपल्या बॅरेजवर, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यावर, उचललं जातं आणि बदलापूर-अंबरनाथच्या नळाला येतं. म्हणजे मे महिन्यात बाकीचे तालुके टँकरची वाट बघत असतात तेव्हा आपण जे पितो ते तिचंच. आणि जुलैत ती भरते तेव्हा लोणावळा-खंडाळ्यापासून कर्जतपर्यंतच्या डोंगरावरचा पाऊस एका रात्रीत खाली उतरतो, आपल्याकडे पाऊस थांबलेला असला तरी पाणी चढत राहतं. हे नव्याने आलेल्या लोकांना माहीत नसतं, ते आकाशाकडे बघतात आणि गाडी पार्किंगमध्येच ठेवतात.

आम्हीही तेच केलं होतं. २६ जुलै २०१९ ची रात्र. बुकिंग करताना बिल्डरच्या ऑफिसमध्ये आम्ही स्पष्ट विचारलं होतं, २००५ च्या महापुरात इथे पाणी आलं होतं का, तर, नाही मॅडम, इथे कधीच नाही, नदी तिकडे लांब आहे. त्या रात्री दोनला वॉचमनने बेल वाजवली. खाली गेलो तर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाणी, आवाज नाही काही नाही, फक्त वर येतंय. मीटर रूममधून जळका वास येत होता. ह्यांची बाईक दिसतच नव्हती, तळमजल्याच्या काकांना आणि त्यांच्या अंथरुणावर असलेल्या आईला चौघांनी चादरीत धरून वर आणलं, त्यांची औषधांची पिशवी तेवढी मी डोक्यावर धरून आणली. त्याच रात्री पलीकडे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांना घेऊन पाण्यात उभी होती, दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल सगळे आले आणि चामटोलीच्या गावकऱ्यांनी लोकांना बाहेर काढायला मदत केली. त्या गाडीमुळे देशाने बदलापूर टीव्हीवर पाहिलं. आमच्यासारख्या शेकडो तळमजल्यांकडे कॅमेरा आला नाही, आम्ही आठ दिवस खराट्याने चिखल काढत होतो. पार्किंगच्या खांबावर पाणी उतरल्यावर एक तपकिरी रेघ राहिली, माझ्या छातीएवढी. २०२१ ला पुन्हा आलं, पण रेघेच्या बरंच खाली.

आगरी आजी तेव्हा चिखल तुडवत चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, बाय, ही पान्याचीच जागा हाय, आमी इथं कधी घर नाय बांधलं, भातच लावला. त्यांचं जुनं घर वरच्या अंगाला आहे, सगळं जुनं गावच वरच्या अंगाला आहे. मी दहा वर्षं इथे राहून हे बघितलं नव्हतं, की गाव उंचावर आणि शेत खाली असं का आहे.

आता भरावाचं सांगते. भाताच्या खाचराला चारी बाजूंनी बांध असतात, पाणी धरून ठेवण्यासाठीच ते केलेलं असतं. एक एकर खाचरात फूटभर पाणी उभं राहिलं तर ते बारा लाख लिटरच्या वर जातं, मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं, म्हणजे दहा हजार लिटरचे १२० टँकर. नदी फुगली की तेवढं पाणी एक एकर आपल्या अंगावर घेतं आणि पूर ओसरला की हळूहळू परत सोडतं. त्या एकरावर पुरुषभर भराव टाकला की ते १२० टँकर कुठे जाणार? शेजारी. ज्याचं जोतं खाली आहे त्याच्या पार्किंगमध्ये. भराव टाकणारा कोरडा राहतो, नवीन बिल्डिंगवाले कोरडे राहतात, आणि जुन्या बिल्डिंगा, चाळी, आदिवासी पाडा यांच्याकडे पाणी आधीपेक्षा लवकर येतं.

पूररेषा असते ना, असं कोणी म्हणेल. असते. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधे अटींवर. पण त्या अटींमध्ये नवीन इमारतीचं जोतं वर उचलणं आलं, आणि शेजाऱ्याचं काय होईल याचा हिशोब कोण करतं ते मला आजवर कुठल्या सरकारी टेबलावर कळलं नाही. मी दोनदा जाऊन आले, अर्ज दिला, पोच घेतली. बघतो म्हणाले.

सोसायटीच्या ग्रुपवर हे टाकलं तर एकाने लिहिलं, गावपण हवं असेल तर गावात जाऊन राहा, डेव्हलपमेंट अडवू नका. मला ते फार लागलं. रस्ता मलाही हवाय, हॉस्पिटल हवंय, रेल्वेची कल्याणपासूनची तिसरी-चौथी लाइन तर कधी होते असं झालंय. ज्या शेतकऱ्याने जमीन दिली त्यालाही मी एका शब्दाने बोलणार नाही, भाताला काय सुटतं ते मजुरी विचारलीत तर कळेल, त्याच्या मुलांनी काय फक्त आम्हाला खिडकीतून हिरवं दिसावं म्हणून चिखलात उभं राहायचं का. म्हणून तर म्हणते की पुराचं पाणी अंगावर घेणाऱ्या शेतजमिनीचे त्याला पैसे मिळाले पाहिजेत, टीडीआरच्या (दुसरीकडे बांधायला किंवा विकायला मिळणारा बांधकामाचा हक्क) रूपात द्या, वर्षाला द्या, कसेही द्या, आपण धरणाला पैसे देतो, नाल्याच्या भिंतीला कोट्यवधी देतो, मग हे खाचर तेच काम करतंय तर त्याला का नाही. आणि तोपर्यंत नदीकाठचा भराव थांबवा, निदान पावसाळ्याआधी तरी, जो पडलाय तो मोजा.

आत्ता लिहिताना पण डंपरचा रिव्हर्सचा आवाज येतोय. चारपैकी दीड खाचर गेलंय.

आमच्या सोसायटीचं पुढच्या महिन्यात पेंटिंग आहे, मी मीटिंगमध्ये सांगितलंय की पार्किंगच्या त्या खांबावरची रेघ पुसायची नाही, तिच्या बाजूला तारीख लिहायची. सेक्रेटरी हो म्हणालेत. हेंद्रेपाडा, सोनिवली, वालिवली, रमेशवाडी, कुठेही राहत असाल आणि तुमच्याकडे २००५, २०१९, २०२१ चे पाण्याच्या पातळीचे फोटो असतील, किंवा तुमच्याही भिंतीवर अशी रेघ राहिली असेल, तर जमिनीपासून टेपने उंची मोजून बिल्डिंग आणि गल्लीच्या नावासकट मला मेसेज करा. दहा-बारा ठिकाणांच्या उंच्या जमल्या की पुढचा अर्ज त्या जोडूनच देणार आहे. टेप नसेल तर मी रविवारी येऊन मोजते.