जोडीने समुद्राच्या तळाशी जाताना

तुम्ही दोघं अंदमानला निघालात असं कळलं. अभिनंदन. नागपुरातून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र लांबच. अंबाझरी तलावाच्या काठावर भुट्टा खात ‘काय लाटा आहेत बे’ म्हणणारी माणसं आपण. आम्ही दोघं नाताळच्या सुट्टीत तिकडे जाऊन आलो, शिवाय पाण्याखाली उतरून आलो, त्यामुळे चार अनुभवाचे बोल सांगणं माझं कर्तव्य आहे. गेल्या रविवारपासून तर हे कर्तव्य मला झोपू देत नाहीये. रविवारी काय झालं ते पुढे येईलच.

पॅकेज घेताना ‘कपल पॅकेज’च घ्या. लग्नाला बावीस वर्षं झाली असली तरी पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले असतात, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. ते हंस उचलून कुठे ठेवायचे यावरून पहिलं भांडण होतं. सहलीची सुरुवात झाली असं समजावं.

जागांची नावं पाठ करत बसू नका. हॅवलॉकचं २०१८ साली स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ साली श्री विजयपुरम. तुमचा एजंट, टॅक्सीवाला आणि जेट्टीवरचा हमाल तिघंही जुनीच नावं घेतात, आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर कोणतंही चालतं.

चिवडा न्या. शेवही न्या. माशांच्या बेटावर जाऊन ‘इथं सावजी नाही मिळत का’ असं प्रत्येक हॉटेलात एकदा विचारा.

डाईव्ह सेंटरमध्ये एक फॉर्म देतात. दमा आहे का, फिट येतात का, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, सध्या सर्दी आहे का. सगळीकडे ‘नाही’वर टिक करा. एवढे पैसे भरून आल्यावर खरं कोण लिहितं? मीही नाही लिहिलं. डिसेंबरातल्या नागपूरच्या थंडीने माझं नाक आठवडाभर वाहत होतं आणि मी ‘सर्दी: नाही’ लिहून खाली सही ठोकली. मग दोन-तीन मीटर खाली गेल्याबरोबर कानात कुणीतरी दाभण घालतंय असं वाटलं. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो, आणि नाक दाबून हळूच फुंकर मारून कानातला दाब बरोबर करावा लागतो. नाक चोंदलेलं असेल तर ती फुंकर कानापर्यंत पोचत नाही. हे सगळं आमच्या इन्स्ट्रक्टर पोराने आम्हाला किनाऱ्यावर व्यवस्थित समजावलं होतं. तेव्हा मी बायकोचा फोटो काढत होतो.

पोहता येत नाही? काहीच अडचण नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्याला जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत नेतात आणि पूर्ण वेळ इन्स्ट्रक्टरने पाठीवरची टाकी धरून ठेवलेली असते. बाजारातून पिशवी आणावी तसं आणतात तुम्हाला. आम्ही सात मीटर गेलो. नागपुरात परत आल्यावर हे पन्नास फूट होतात.

खुणांचं मात्र ऐकाच. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. सगळं ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. मी एक भलंमोठं कासव पाहिलं, आनंदाने दोन्ही अंगठे वर केले आणि अर्ध्या मिनिटात माझी वरात वर निघाली. पुन्हा खाली पोचेपर्यंत कासव आपल्या कामाला गेलं होतं. बायकोला ते सहा मिनिटं दिसलं. हे ती प्रत्येक पाहुण्याला सांगते, आणि सहाची आता दहा झालीत.

कपड्यांचा, नेलपॉलिशचा विचार करून ठेवा. तिने खास व्हिडिओसाठी लाल नेलपॉलिश लावलं होतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. खाली तिची नखं दारात बोट सापडल्यासारखी काळपट दिसत होती. पण एक सांगतो, उपरोध वगैरे बाजूला ठेवून. खाली एक आवाज असतो. आपल्या श्वासाचा घरघराट थांबला की मधल्या शांततेत ऐकू येतो, कढईत लाह्या फुटाव्यात तसा. बारीक कोळंब्या आपल्या नांग्या फटाफट मिटतात, त्याचा. आम्ही दोघं अर्धा तास एकमेकांशी एक शब्द न बोलता ते ऐकत होतो. बावीस वर्षांतला आमचा सगळ्यात चांगला संवाद तो.

असो. सल्ले.

शेवटच्या दिवशी सकाळी डाईव्ह आणि दुपारी फ्लाइट असा बेत करा, दिवस वसूल होतो. दाबाखाली श्वास घेताना अंगात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो निघून जायला वेळ लागतो, म्हणून डाईव्हनंतर बारा ते अठरा तास विमानात बसू नका असं सांगतात. वर विमानात दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की, म्हणजे सोड्याची बाटली उघडल्यावर, काय बुडबुडे येतात ते तुम्हाला माहीत आहे. पण हॉटेलची एक रात्र वाचत असेल तर सांध्यांचं काय एवढं?

आता मुख्य सल्ला. समुद्रातून काहीतरी घरी आणा.

आमच्या बोटीत तीन जोडपी होती आणि त्यातलं दुसरं जोडपं अर्थातच नागपूरचं. ‘काय भाऊ, नागपूरचे काय? कुठं राहता? अरे बापा, मी मनीषनगर!’ अशी ओळख झाली. गृहस्थ दिलदार, बोलके, बोटात मंगळासाठी पोवळ्याची अंगठी. इन्स्ट्रक्टर तेवीस-चोवीस वर्षांचा बंगाली मुलगा. हॅवलॉकवरची बरीच कुटुंबं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची, त्यातलंच एक घर त्याचं. आमच्या या मित्राने त्याला पहिल्या मिनिटापासून ‘ए छोटू’ केलं. तो सांगत होता: कशालाही हात लावू नका, कशावर उभे राहू नका, पाय वर ठेवा. मित्र म्हणाला, ‘छोटू, तू व्हिडिओ चांगला काढ, बाकी आम्ही पाहून घेऊ.’

आणि पाहून घेतलं. व्हिडिओत हातांचं बदाम करायचं होतं. बदाम करायला स्थिर उभं राहावं लागतं. म्हणून हे गृहस्थ कमरेएवढ्या उंचीच्या एका गोल प्रवाळावर दोन्ही फिन्स, म्हणजे पोहायला पायात घालतात ते रबरी पंजे, रोवून उभे राहिले. तो दगड नव्हता. ती लाखभर बारीक प्राण्यांची वस्ती होती, वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारी. म्हणजे तुमच्या आजोबांच्या वयाचं काहीतरी होतं ते, साहेब, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहून बदाम केलंत. छोटूने खुणा केल्या, हात जोडले, शेवटी दंडाला धरून ओढलं. ओढताना फिन बाजूच्या फांद्यांच्या प्रवाळाला लागली आणि कडाड झालं. मला पाण्यातही ऐकू आलं. वर आल्यावर बोटीच्या शिडीवर यांच्या हातात जांभळ्या टोकांचा, वीतभर लांब तुकडा. ‘तुटलाच होता, म्हटलं घेऊन घेऊ. शोकेसमध्ये मस्त दिसेल.’

छोटू म्हणाला, सर, हे नेता येत नाही, कायद्याने बंदी आहे. तर म्हणे, ‘समुद्र काय तुझ्या बापाचा आहे का?’

नाही, त्याच्या बापाचा नाहीये. तुमच्याही बापाचा नाहीये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या पहिल्या अनुसूचीत जे प्राणी आहेत त्यांना सर्वात जास्त संरक्षण आहे. त्या यादीत वाघ आहे, आणि त्याच यादीत हे प्रवाळही आहेत. आपण नागपूरकर! एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला ताडोबा. ‘टायगर कॅपिटल’ म्हणून विमानतळापासून चौकाचौकापर्यंत वाघाची चित्रं लावतो. पेंचला जिप्सीतून कुणी पाय खाली ठेवला तर आपणच गाईडच्या आधी ओरडतो. दिवाणखान्यात वाघाचा पंजा ठेवून पाहुण्यांना दाखवाल का? ‘मेलेलाच होता, म्हटलं घेऊन घेऊ’ असं म्हणाल? पण तो डरकाळी फोडतो, याला आवाज नाही, डोळे नाहीत, पळता येत नाही. म्हणून हा दगड.

२०१० साली पाणी तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले होते. २०१६ साली पुन्हा. त्याआधी २००४ ची त्सुनामी. एवढ्या सगळ्यातून जे वाचलं ते मनीषनगरच्या फिनखाली गेलं.

परतीच्या विमानतळावर एक्स-रे मशीनसमोर यांची बॅग बाजूला काढली. समुद्रातलं सामान तिथे कसून पाहतात, हे यांना छोटूने सांगितलं होतं. मोठा तुकडा तिथेच राहिला. ‘मेलेला गोटा आहे हो साहेब, गोटा,’ असं पंधरा मिनिटं चाललं. त्याच्याआधी, रांगेत, मला कोपराने ढोसून म्हणाले होते, ‘भाऊ, वहिनींच्या पर्समध्ये टाकून घेता का? बायांच्या पर्स जास्त नाही पाहत.’ मी काय केलं? मी हसलो. ‘नाही हो, जागा नाही’ म्हणालो. जागा नाही!

तर रविवार. त्यांच्याकडे सत्यनारायण, त्यालाच जोडून संक्रांतीचं हळदीकुंकू. सहलीत ओळख झालेली, बोलावणं आलं, गेलो. दिवाणखान्यात नवीन शोकेस, आत निळ्या एलईडीची पट्टी, आणि तिच्या उजेडात, बासरीवाल्या प्लॅस्टिकच्या कृष्णाच्या शेजारी एक तुकडा. दुसरा. एकच नव्हता तर. हा चिवड्याच्या डब्यातून आला, असं स्वतःच अभिमानाने सांगितलं. घरी आणल्यावर तीन दिवस मेलेल्या मासळीसारखा वास सुटला, म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवला. आता खडूसारखा पांढरा.

‘पाहा नं भाऊ,’ ते म्हणाले, ‘तिथं कसा जांभळा होता. इथं आणला तं रंगच उडाला. डुप्लिकेट निघाला.’

डुप्लिकेट.

अहो, तो रंग त्या प्राण्याच्या जिवंत कातडीचा होता! तुम्ही तो मारलात, सडवलात, पावडरीत धुतलात आणि आता त्याच्याकडे गॅरंटी मागता? बोटात मंगळ शांत व्हावा म्हणून याच्याच दूरच्या भाऊबंदाचा खडा घालून फिरता, आणि हा काय आहे ते माहीत नाही? ज्या पोराने तुम्हाला बुडू दिलं नाही, तुमची टाकी धरून अर्धा तास तुम्हाला वागवलं, त्याला टिपचे शंभर रुपये देताना व्हिडिओ हलला म्हणून पन्नास कापलेत, तेही मी पाहिलं. कशाला जाता हो तुम्ही लोक? बदामच करायचं तर आपल्या फुटाळा तलावावर करा. तिथं उभं राहायला सिमेंट आहे. नका जाऊ समुद्राखाली. ज्याला हात मागे बांधून फक्त बघता येत नाही त्याने जाऊच नये, मग त्याने कितीही लाखांचं पॅकेज घेतलेलं असो.

हे सगळं मी तिथे बोललो नाही, हेही लिहून टाकतो. बोटीवर गप्प, विमानतळावर गप्प, शोकेससमोर ‘वा, लायटिंग छान आहे’. प्रसादाचा शिरा दोनदा घेतला.

परत येताना वर्धा रोडच्या सिग्नलवर बायकोने पर्स उघडली आणि हळदीकुंकवाचं वाण हातावर ठेवून दाखवलं. अंगठ्याएवढा शंख, वर हळदीकुंकवाचं बोट. तिथल्या किनाऱ्यावर संध्याकाळी असे शंख पाय फुटल्यासारखे चालायला लागतात, कारण आत खेकडे बिऱ्हाड करून असतात. यांनी पिशवीभर वेचले होते. आलेल्या प्रत्येक बाईला एक.

‘घेतलास कशाला?’ मी म्हणालो.

‘वाण आहे,’ ती म्हणाली. ‘वाणाला नाही कसं म्हणायचं?’

शंख सध्या आमच्या फ्रिजवर आहे.