पाव इंची आटे

आमच्या सोसायटीत गुरुवारी पाणी येत नाही. इतर दिवशी येतंच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण गुरुवारचं न येणं अधिकृत असतं. २०१८ च्या एप्रिलमधल्या अशाच एका गुरुवारी, खालच्या टाकीत टँकर रिकामा होईपर्यंत अख्खी इमारत खांद्यावर टॉवेल टाकून उभी असताना, मी घरात जाहीर केलं की मी कॉम्प्युटरला पाण्याची लाइन टाकणार आहे.

बायकोनं हातातला तांब्या खाली ठेवला. “कुंड्यांना चार दिवस पाणी नाही, आणि तुझ्या कॉम्प्युटरला लाइन?”

“लाइन म्हणजे एकदा भरलं की तेच पाणी आत फिरत राहतं.”

“कूलर म्हण की सरळ,” आई म्हणाली. “थोडा वाळा घाल त्यात. वास छान येतो.”

या सगळ्याचं मूळ १९९४ सालात आहे. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ४८६ चे कॉम्प्युटर होते, ६६ मेगाहर्ट्झचे, आणि त्यांच्या कपाळावर ‘टर्बो’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की मशीन पिसाटासारखं पळतं अशी आमच्या बॅचची श्रद्धा होती. सर पाठमोरे झाले की आम्ही ते दाबायचो. पुढे कळलं की टर्बो चालू हाच त्या मशीनचा नेहमीचा वेग. बटण होतं ते वेग कमी करायला, कारण जुने गेम नव्या मशीनवर इतके सुसाट सुटायचे की खेळणाऱ्याला बोट हलवायलाही सवड मिळायची नाही. म्हणजे तीन वर्षं आम्ही चोरून मशीन हळू करत होतो. ही सल मनात राहिली. पंचविशीत नोकरी, तिशीत कर्ज, आणि चाळिशी ओलांडल्यावर, इतर पुरुष गुडघे दुखेपर्यंत सायकली घेतात त्या वयात, मी ‘के’ वाला प्रोसेसर घेतला.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढं ‘के’ असला की त्याचं कुलूप उघडं असतं. माझा होता कोर आय-७ ८७००के. त्याच्या पोटातले सहाही कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, कामाला लागले की तो आपला आपण ४.३ गिगाहर्ट्झवर पळतो. कुलूप उघडं असल्यामुळं त्याला ५ वर पळवता येतं. पण पळवायला विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि गोम तिथं आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, शिवाय दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२ व्होल्टचे १.३५ केले आणि ४.३ चे ५, तर वेग वाढतो १६ टक्के आणि उष्णता जवळजवळ दीडपट. आधी तापवायचं आणि मग थंड करायला पैसे घालायचे, असा हा छंद.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेला माझा भाचा म्हणाला, “मामा, गपचूप तयार सील केलेला कूलर आण. चार स्क्रू लावले की काम झालं.” त्याचं बरोबर होतं. त्यामुळंच मला ते पटलं नाही.

बायकोला मी शास्त्र समजावलं. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तीन हजार लिटरहून जास्त हवा एक अंशानं तापते, म्हणून पंख्यापेक्षा पाणी बरं. १९८५ चा क्रे-२ हा सुपरकॉम्प्युटर तर अख्खाच्या अख्खा फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला होता. अमेरिकेनं आपल्याला तसली यंत्रं द्यायला खळखळ केली, म्हणून याच पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

“त्यांनी देशासाठी केला,” ती म्हणाली. “तू त्यावर काय करणार आहेस?”

“मोटारींची शर्यत.”

यावर ती काहीच बोलली नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली की न बोलण्याचेही पाच-सहा प्रकार ओळखू येतात. हा त्यातला चौथा होता.

खरेदीला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण ते विचारलंत तर तिथला माणूस तुम्हाला पोस्टमन समजतो. डेक्कन क्वीननं दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड. त्या वर्षी क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डांचे भाव सोन्यासारखे चढवून ठेवले होते, म्हणून कार्ड जुनंच ठेवलं. रेडिएटर (तापलेलं पाणी यात परत निवतं) मात्र स्वस्तातला अॅल्युमिनियमचा हातात घेतला तेव्हा दुकानदारानंच काढून घेतला. “प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक तांब्याचा घेताय ना? मग हा नको. दोन धातू एका पाण्यात ठेवले की एक दुसऱ्याला खातो.” घरी आल्यावर हे आईला सांगितलं तर तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तांब्या-पितळेला कल्हई नसली तर काय होतं हे तिला शिकवायला लॅमिंग्टन रोडची गरज नव्हती. माझ्या ब्लॉकवर निकेलचा मुलामा आहे कळल्यावर तिनं मान डोलावली.

जोडणीला रविवार काढला. मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जी खाच असते तिच्यात केसासारख्या ११५१ पिना असतात. अकराशे एक्कावन्न! आहेराच्या पाकिटातला आकडा. शुभ वाटला, पण त्यातली एक जरी वाकली तरी आहेर परत. श्वास रोखून प्रोसेसर ठेवला, खिट्टी दाबली. खिट्टी दाबताना करकर असा आवाज येतो आणि तो बरोबरच असतो, हे मला नंतर कळलं. तेवढ्यात मी तीन देव आठवले होते.

मग प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्या मधली फट भरणारी थर्मल पेस्ट. भाचा फोनवर म्हणाला, वाटाण्याएवढी लाव. आई शेजारीच शेंगा सोलत होती.

“मटार की सुका वाटाणा?”

प्रश्न रास्त होता. भिजल्यावर वाटाणा दुप्पट होतो. मी भाच्याला पुन्हा फोन लावला. त्यानं दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, “मामा, हे कुणीच कधी विचारलेलं नाही.” शेवटी आईनं डब्यातला एक सुका वाटाणा नमुना म्हणून पुढं ठेवला आणि त्याच्याकडं बघत बघत मी पेस्ट लावली.

नळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगवत नाही. कडक प्लास्टिकच्या सहा सरळ नळ्या आणल्या होत्या. आत सिलिकॉनची दोरी घालायची, हीट गननं गरम करायचं आणि काटकोनात वाकवायचं. चित्रात तो कोन इतका देखणा असतो की बघतच राहावं. माझी पहिली नळी जिलबी झाली, दुसरीला बुडबुडे आले, तिसरी मध्येच चपटी झाली. पाचव्या नळीला अचूक काटकोन जमला, पण उलट्या दिशेला. सहावी मुलानं शाळेच्या प्रोजेक्टला नेली. मी निमूट मऊ रबरी नळी आणली, टोकं गरम पाण्यात बुडवली, फिटिंगवर चढवली आणि वरून चकत्या आवळल्या.

पाणी हवं होतं डिस्टिल्ड. ते घरात होतंच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा पाच लिटरचा कॅन. साधारण लिटरभर मशीनमध्ये गेलं, बरंचसं मोरीत सांडलं. शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे दोन थेंब. वाळा नाही.

आता गळती बघायची. तिची रीत अशी: बाकी सगळ्याची वीज काढून ठेवायची आणि एकटा पंप फिरवायचा. पण मदरबोर्डनं सांगितल्याशिवाय एस.एम.पी.एस., म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, चालू होत नाही. म्हणून त्याच्या चोवीस छिद्रांच्या जाड कनेक्टरमधली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडून त्याला फसवावं लागतं. लोक कागदाची क्लिप वापरतात. आमच्या घरात क्लिपा नाहीत, आईचे केसात खोचायचे आकडे आहेत. चाकूनं वरचा काळा रंग खरवडला, आकडा बसवला, बटण दाबलं. पंपानं घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि टाकीतली पातळी झर्रकन खाली गेली. पाणी नळीतून चढलं, ब्लॉकमध्ये शिरलं, रेडिएटरमधून बुडबुडे घेऊन परत आलं. मुलगा टाळ्या वाजवायला लागला. बायकोही दारात येऊन उभी राहिली, आणि जाताना म्हणाली, “आईंचा आकडा परत दे.”

चोवीस तास पंप चालू ठेवायचा असतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर पसरायचा आणि वाट बघायची. रात्री मी कॅबिनेटशेजारी सतरंजी टाकली. अकरा वाजता सगळं कोरडं. एक वाजता कोरडं. अडकलेली हवा निघावी म्हणून मधूनमधून कॅबिनेट डावी-उजवीकडं कलती करायची असते. तान्ह्या बाळाला ढेकर काढावी तशी मी ती करत होतो. अडीचला पाणी प्यायला उठलेल्या आईनं मला कॅबिनेट छातीशी धरून थोपटताना पाहिलं. ती काही बोलली नाही, देवघरातला दिवा लावून गेली.

पहाटे पाचला ग्राफिक्स कार्डावरचा टिश्यू ओला.

नेमका कुठून, ते कळेना. वरच्या फिटिंगला हात लावावा तर ते कोरडं, खालचं कोरडं, पण टिश्यू बदलला की दहा मिनिटांत त्यावर नाण्याएवढा डाग. मी सगळी फिटिंगं आवळली. थेंब वाढला. सैल केली. आणखी वाढला. नऊ वाजता स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला तेव्हा मी जमिनीवर पालथा पडून टॉर्चनं मदरबोर्ड बघत होतो.

प्लंबर उकिडवा बसला. त्यानं एक फिटिंग बोटानं चाचपलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“साहेब, हे तर पाव इंची आटे!”

खरोखरच होते. जगभरच्या गेमिंगवाल्यांनी दिव्याबिव्यांनी सजवलेलं हे जे काही आहे, त्याचे आटे आपल्या नळाच्या पाव इंची आट्यांचेच आहेत. माझ्यासमोर रात्रभर जे गूढ होतं ते त्याच्यासाठी फक्त लहान मापाचं बाथरूम होतं. त्यानं वाहत्या पाण्याच्या दिशेनं एकेका सांध्यावर बोट फिरवत नेलं, टाकीजवळ थांबला, पंप बंद करायला सांगितला आणि एक फिटिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

“वॉशर कुठंय?”

वॉशर पुडीत होता. पुडी पँटच्या खिशात होती. पँट धुवायला टाकली होती. मशीन चालू होतं.

एवढ्याशा काळ्या कड्यासाठी मी धुलाई मध्येच थांबवून साबणाच्या पाण्यात हात घातला, त्या क्षणी घरातल्या कुणाच्याही नजरेला नजर दिली नाही. वॉशर सापडला. स्वच्छ होता. प्लंबरनं तो बसवला आणि बोटांनीच आवळलं. “पाना नको लावू, साहेब. लोक आवळून आवळूनच वॉशर फाडतात.” टेफ्लॉन टेप मात्र हवाच, असा त्याचा हट्ट होता. नको म्हटल्यावर त्याला थोडं वाईट वाटलं. पैसे त्यानं फक्त नळाचे घेतले.

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त पळवण्याचे, पुढचे तीन आठवडे म्हणजे एकच संध्याकाळ पुन्हा पुन्हा. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगांत, जाऊन वेगाचा गुणक ५० करायचा (म्हणजे ५ गिगाहर्ट्झ), व्होल्टेज थोडं चढवायचं, सेव्ह करायचं आणि मशीन कोलमडल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्याला नमस्कार करायचा. एकदा तर पडदाही उजळेना. तेव्हा मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा सेल काढून पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे मशीन आपण केलेले सगळे उद्योग विसरतं. ही सोय इतर नात्यांत नाही. अखेर १.३५ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झ टिकलं. शर्यतीच्या गेममध्ये सेकंदाला चारेक चित्रं जास्त दिसायला लागली. मला ती वेगळी ओळखू आली नाहीत, पण आकडा कोपऱ्यात दिसत होता. तो आईच्या आकड्यापेक्षा महाग पडला होता.

मे महिन्यात बाहेर ४० अंश झाले आणि शास्त्राचा जो भाग मी बायकोला सांगितला नव्हता तो आपोआप उघड झाला. पाणी काही केलं तरी खोलीपेक्षा थंड होत नाही. खोलीच तापली की पाणीही तापणार, आणि मशीनची सगळी उष्णता परत खोलीतच ओतणार. त्या खोलीत बसवेना. मी पुन्हा ४.३ वर आलो. वर कॅन रिकामा सापडल्यावर बॅटरीचं पाणी कुठं गेलं, हाही प्रश्न निघाला.

मशीन मग तसंच पडून होतं. डिसेंबरात पुण्यात गारठा पडला आणि आमचं दही लागेना. दोन दिवस विरजण तसंच पातळ. आई संध्याकाळी खोलीत आली, कॅबिनेटवरच्या जाळीवर तळहात धरून उभी राहिली, आणि म्हणाली, “हे जरा जोरात लाव रे.”

जोरात लावायला काहीतरी अवजड काम हवं. ओव्हरक्लॉकवाले मशीनची सहनशक्ती तपासायला प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम वापरतात. मुळात तो मर्सेन मूळ संख्या शोधायला लिहिलेला. दोनाचा एखादा अवाढव्य घात, त्यातून एक वजा, आणि त्याला कशानंच भाग जात नाही ना, ते तपासायचं. गुणक ५० वर नेला, प्रोग्रॅमला खरोखरीची एक संख्या तपासायला दिली, आणि जाळीवर पाट, पाटावर विरजणाचं भांडं, वर झाकण. आईला सांगून ठेवलं की सांडलं तर माझे सगळे पैसे पाण्यात. “दुधात,” ती म्हणाली.

त्याच महिन्यात एक मर्सेन मूळ संख्या खरंच सापडली, २,४८,६२,०४८ अंकी. सापडली फ्लोरिडातल्या एका गृहस्थाला. तोही म्हणे हा प्रोग्रॅम मशीनची परीक्षा घ्यायलाच वापरायचा. त्याच्याकडं साधा आय-५ होता, त्यावर बारा दिवस लागले. माझी संख्या अजून चालू आहे. आठवड्यातून दोन रात्री, भांडं ठेवलं की पुढं सरकते, भांडं उचललं की थांबते.

दही मात्र सकाळी सहालाच लागलेलं असतं. सुरीनं कापावं असं.